स्तर तीन

सहाव्या क्षेत्रापाशी आलो तेव्हा साडेनऊ वाजले असतील. शनिवारची सकाळची शाळा, फेब्रुवारीचा शेवट, म्हणजे नागपुरात पंखा लावावा की नाही या विचारात पडण्याचे शेवटचे चार दिवस. मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण, टेबलावर चहाचे कागदी कप आणि सरांच्या पुढ्यात शाळासिद्धीच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी मूल्यमापनाच्या, स्वयंमूल्यांकनाचे कागद. सर एकेक मानक वाचत, सगळ्यांकडे एकदा पाहत आणि कुणी काही बोललं नाही की स्तर लिहून मोकळे होत. पहिल्या क्षेत्राला, म्हणजे इमारत-पाणी-ग्रंथालय वगैरेंना, आम्ही चांगला अर्धा तास दिला होता. पाण्याच्या टाकीवरून वाद झाला, ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते यावरून तर त्याहून मोठा. पण विशेष गरजा असलेल्या मुलांच्या समावेशनाचं मानक आलं आणि सर म्हणाले, “रॅम्प आहे, रजिस्टर आहे, दिव्यांग दिनाचे फोटो आहेत. स्तर तीन टाकू ना?” कुणाचीच हरकत नव्हती. तीन म्हणजे सगळ्यात वरचा. तेवढ्यात बाहेर घंटी झाली. सरांनी सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कौतुकाने म्हणाले, “आपला प्रणय. एक मिनिट इकडेतिकडे होऊ देत नाही पोट्टा.”

प्रणय हा त्याच रजिस्टरमधला.

नाव अर्थातच बदललेलं आहे. तेव्हा तो सहावीत होता. पूर्व नागपुरातली ही मराठी माध्यमाची शाळा, सातवीपर्यंतची. मी एका अनुदानित हायस्कुलातून मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि घर जवळ असल्यामुळे या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आले. शिक्षण हक्क कायद्याने समितीतल्या तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. उरलेल्यांत एक जागा शिक्षणातल्या जाणकाराची असते, तिथे मला बसवलं. जाणकार म्हणजे काय, तर बैठकीला वेळेवर येणारी आणि इतिवृत्ताचं शुद्धलेखन तपासून देणारी. असो. प्रणयला मी येता-जाता पाहत होतेच. अंगाने किरकोळ, केसांना चापूनचोपून तेल, बोलताना शब्द जरा थांबत-थांबत येणारे. या शाळेची घंटी म्हणजे व्हरांड्याच्या खांबाला तारेने टांगलेला रुळाचा तुकडा. तो लोखंडी सळईने वाजवायचं काम त्याचं. खडू आणणं, हजेरीपट ऑफिसात नेऊन देणं, खिचडीची ताटं मांडून ठेवणं, हेही त्याचंच. सगळ्यांचा लाडका. त्याला कुणी चिडवत नाही, मारत नाही. शिक्षक म्हणतात, “तो इथे फार रमलाय.” हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते टोचत राहिलं. रमलेल्या मुलाबद्दल तक्रार तरी काय करायची?

घरी आल्यावर मला महाल भागातली माझी शाळा आठवली. जुन्या वाड्यात भरायची. उन्हाळा लागला की मोठ्या बाईंच्या खोलीला वाळ्याच्या ताट्या लागत आणि त्यांच्यावर दर थोड्या वेळाने पाणी मारावं लागे. हे काम आमच्या वर्गातल्या एकाच मुलीकडे असायचं. का, ते कुणी विचारलं नाही. तिला पाढे येत नसत, वाचायला उभी राहिली की घाम फुटायचा, म्हणून बाईंनी एक दिवस तिच्या हातात बादली दिली असणार आणि दोघींचीही सुटका झाली असणार. ओल्या वाळ्याचा वास आला की मला अजून ती दिसते: परकराचा काठ भिजलेला, चेहऱ्यावर एवढा आनंद की आम्हा बाकीच्यांना हेवा वाटायचा. आम्ही आत घामाघूम होऊन अपूर्णांक सोडवायचो आणि ही थंड व्हरांड्यात. सातवीनंतर ती दिसली नाही. तिचं पुढे काय झालं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. आमच्या शाळेला कुणी स्तर देत नव्हतं त्या काळी. दिला असता तर बाईंनी तिच्याबद्दलही चांगलंच लिहिलं असतं, आणि मनापासून लिहिलं असतं.

शाळासिद्धीबद्दल माझा काही आकस नाही. सात क्षेत्रं, ४६ मानकं, आधी शाळेने स्वतः स्वतःला तपासायचं आणि मग बाहेरच्यांनी. कल्पना चांगली आहे. आमच्या वेळी इन्स्पेक्टर यायचे, वर्गात एका हुशार मुलाला उभं करायचे आणि बासुंदी खाऊन जायचे. त्यापेक्षा हे कितीतरी बरं. सहावं क्षेत्र समावेशन, आरोग्य आणि सुरक्षिततेचं. त्यात पाच मानकं, त्यातली दोन थेट समावेशनाची. आणि तिथे लिहिलेला मजकूर वाचाल तर तो रॅम्पपाशी थांबत नाही, मुलाच्या शिकण्यातल्या सहभागापर्यंत जातो. पण मजकूर कोण वाचतो? पुरावा काय जोडायचा, हा प्रश्न आधी येतो आणि पुरावा म्हटलं की फोटो निघेल अशीच गोष्ट शोधली जाते. यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या, फॉर्ममध्येही रॅम्प आहे का, कठडा आहे का, वेगळं स्वच्छतागृह आहे का, हे दरवर्षी भरायचं असतं. तिथे हो किंवा नाही. आमचा रॅम्प दाखवायला हरकत नाही, आहे खरंच. उताराचं प्रमाण एकास बारा असावं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, असा नियम आहे. आमच्या शाळेचा जोता दीड-दोन फूट उंच आणि रॅम्प माझ्या हिशेबाने आठ-नऊ फुटांत संपतो. पावसाळ्यात मुलं त्याच्यावरून घसरगुंडी खेळतात. वर चढून गेलं की डावीकडे ते वेगळं स्वच्छतागृह. त्याला कुलूप, कारण आत खिचडीच्या तांदळाची पोती.

हे सगळं “हो”मध्ये मोडतं.

मी सरांना म्हटलं, मला एक दिवस सहावीच्या वर्गात बसू द्या, मागे, गुपचूप. त्यांना वाटलं शिकवणं तपासायला. वर्गाच्या बाई जरा धास्तावल्या. त्यांची भीती घालवायला मला दोनदा त्यांच्या घरी चहाला जावं लागलं. मला बाईंना नव्हतं पाहायचं, प्रणयला पाहायचं होतं. शाळा सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत दर दहा मिनिटांनी तो काय करतोय, कुणाशी बोलतोय, त्याच्याशी कोण बोलतंय, एवढंच लिहायचं. हे काही मी शोधून काढलेलं नाही. शाळांचं मूल्यांकन करणारे लोक कुठे-कुठे असं एका मुलाच्या मागे दिवसभर फिरतात हे माझ्या वाचनात होतं. एका मुलाचा एक दिवस, बस. साठ पानी वही घेतली आणि खिडकीपाशी बसले.

प्रणयची जागा शेवटच्या बाकावर दाराजवळ. घंटीला जायला सोपं म्हणून. मराठीच्या तासाला फळ्यावरचे प्रश्न-उत्तरं उतरवायची होती. त्याने ती उतरवली आणि अक्षर पाहून मी चकित झाले. एखाद्याने रांगोळी काढावी तसं, काना-मात्रा सकट, एकही चूक नाही. त्यातला “नदी” हा शब्द मी बोटाने दाखवला आणि हे काय रे, असं हळूच विचारलं. तो माझ्याकडे पाहून हसला आणि शेजारच्या मुलाकडे वळला. शेजारचा पटकन म्हणाला, “नदी, आजी.” प्रणयची वही मी चाळली. जुलैपासूनची पानंच्या पानं भरलेली, प्रत्येक पानावर लाल शाईची बरोबरची खूण, खाली “पाहिले” आणि सही. काही ठिकाणी “छान”. बाईंनी पाहिलं होतं हे खरंच होतं. गणिताच्या तासाला तो अर्धा वेळ बाहेर होता, कारण दुसऱ्या वर्गाला डस्टर हवं होतं, मग कुणाचे तरी पालक आले म्हणून त्याला ऑफिसात पाठवलं. दिवसभरात मोठ्या माणसांनी त्याच्याशी जे बोललं ते जवळजवळ सगळं आण, ने, जा, ठेव, बोलाव. एकही प्रश्न नाही. म्हणजे असा प्रश्न, ज्याचं उत्तर त्याच्याकडे आहे असं विचारणाऱ्याला वाटतंय.

मधल्या सुट्टीच्या आधी तो उठला आणि मीही मागोमाग बाहेर गेले. घंटीच्या खांबावर, मुलांच्या हाताच्या उंचीवर, खडूने गोल काढलेले होते, एकाखाली एक. प्रत्येक गोलात दोन रेघा, एक आखूड, एक लांब. मधल्या एका गोलाशेजारी ताटासारखं काहीतरी. मला कळायला क्षणभर वेळ लागला. ती घड्याळं होती. शाळेच्या प्रत्येक तासाचा शेवट त्याने काट्यांच्या जागांनी खांबावर काढून ठेवला होता आणि ऑफिसातल्या घड्याळाशी ताडून तो घंटी देत होता. ऊन-पावसाने पुसलं की पुन्हा गिरवायचा. रेघांवर रेघा दिसत होत्या. “हा कोणता रे?” मी ताटाकडे बोट दाखवलं. “खिचडी,” तो म्हणाला. आणि मग, जरा थांबून, “दीड.” “आणि आता किती वाजले?” तो दारातून आत डोकावून आला. “दीडले पाच कमी.” सहामाहीच्या गणिताच्या पेपरात घड्याळावर आधारलेला प्रश्न होता, तो मी नंतर काढून पाहिला. “खालील घड्याळांत किती वाजले ते अक्षरांत लिहा.” त्याने चारही घड्याळं खाली पुन्हा सुबक काढली होती. गुण शून्य.

आमच्या काळात निदान कागदाचं तरी सुख होतं, की कागदच नव्हता. आता कागद आहेत आणि ते चांगले आहेत. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले, त्यात अध्ययन अक्षमताही आली. शाळेने कुणाला नाकारायचं नाही, हे त्यात आहे आणि त्याला लागेल तो आधार द्यायचा, हेही आहे. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत दहावीच्या मुलांसाठी मी स्वतः फॉर्म भरले आहेत: तासाला २० मिनिटं जादा, लेखनिक, काही विषयांत सवलत. लेखनिक खालच्या वर्गातला हवा. एका वर्षी एक आई सप्टेंबरपासून प्रमाणपत्राच्या मागे होती. कधी डॉक्टर नाहीत, कधी साइट बंद, कधी आज या वाराचं नाही. जानेवारीत तिच्या हातात कागद पडला. ती शाळेत आली, कागद माझ्यापुढे ठेवला आणि बसली. ऊन लागून तोंड लाल झालेलं. मी पाणी दिलं. ती म्हणाली, “बाई, कागद तर भेटला जी. पण वाचता कवा येईल त्याले?” मी काहीतरी बोलले असेन. तो मुलगा दहावी पास झाला, ४० च्या पुढे टक्के मिळाले, पेढे आले. त्याच्या पेपराला किती जादा मिनिटं दिली याची नोंद बोर्डाकडे आहे. पाचवी ते नववी ही पाच वर्षं त्याला काय दिलं याची नोंद कुठेच नाही, कारण तशी नोंद ठेवायची असते हे आम्हा शिक्षकांना कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. शिवाय लक्षणीय अपंगत्वाची ४० टक्क्यांची रेघ. तिच्या अलीकडे राहिलेली मुलं तर रजिस्टरातही नसतात. ती नुसती “कच्ची” असतात.

रजिस्टरातल्या मुलांसाठी विशेष शिक्षिका येतात. आमच्याकडे येणाऱ्या ताई स्कूटीवरून येतात, पुढे पाय ठेवायच्या जागेत मोठी पिशवी, तीत मणी, खरखरीत कागदाची अक्षरं, पुठ्ठ्याची घड्याळं. उन्हाचा दुपट्टा डोक्यापासून नाकापर्यंत गुंडाळलेला असतो, तो सोडेपर्यंत मुलं त्यांच्याभोवती जमलेली. पंधरा दिवसांतून एकदा यायचं असं ठरलेलं आहे. त्यात शिबिर, सर्वेक्षण, बैठक, माहिती तातडीने पाठवा, यातलं काही निघालं की महिना जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रमाण सांगितलं: प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरामागे एक. राज्याने २०२४ मध्ये केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक याप्रमाणे ४,८६० पदं काढायचं ठरवलं. एका केंद्रात शाळा किती असतात हे शिक्षकांना सांगायला नको. ताईंचं गाऱ्हाणं मात्र संख्येचं नव्हतंच. व्हरांड्यात बसून डबा खाता-खाता त्या म्हणाल्या, “काकू, पोषण आहाराचं जसं, ताटं किती वाढली हे रोज वर जातं, उष्टं किती राहिलं ते जात नाही. माझं तसंच आहे. साहित्य किती जणांना वाटलं, भत्ता किती जणींना मिळाला, शिबिराला किती आले. कुण्या पोराला काय आलं, हे मला कोणी विचारत नाही.” त्यांच्या पिशवीत प्रत्येक मुलाचा वैयक्तिक आराखडा होता. प्रणयचाही. पहिलं उद्दिष्ट: घड्याळ वाचणे. त्यांना खांबावरच्या गोलांबद्दल माहीत नव्हतं. वर्गाच्या बाईंना या आराखड्याबद्दल माहीत नव्हतं. दोघी एकाच व्हरांड्यात वर्षभर येत-जात होत्या.

नुसतं माणूस वाढवून भागत नाही, हे इंग्लंडने महागात शिकून घेतलं आहे. तिथे अशा मुलांच्या शेजारी वर्गात मदतनीस बसवले, हजारोंनी. २००९ मध्ये लंडनच्या अभ्यासकांनी बऱ्याच वर्षांच्या निरीक्षणाचे निष्कर्ष काढले, तेव्हा दिसलं की ज्या मुलांना मदतनिसाचा सहवास जास्त, त्यांची प्रगती सारख्याच मुलांच्या तुलनेत कमी. मदतनीस वाईट नव्हते. पण मूल मदतनिसाच्या हवाली झालं की शिक्षक त्याच्याकडे वळायचे कमी, आणि मदतनीस उत्तर शोधायला लावण्याऐवजी काम पुरं करून घ्यायचा. हे वाचलं तेव्हा मला प्रणयच्या शेजारचा तो “नदी, आजी” म्हणणारा मुलगा आठवला. आणि त्या आयाही आठवल्या, ज्या मुलाला शाळेत सोडून गेटबाहेर लिंबाखाली दिवसभर बसून असतात, कारण बाथरूमला न्यायला बोलावणं येईल. त्यांच्या बसण्याला आपण पालकांचा सहभाग म्हणतो.

जूनच्या शेवटी शाळा उघडली, प्रणय सातवीत गेला, आणि माझी वही समितीच्या बैठकीत वाचली गेली. वर्गाच्या बाई रडल्या, ते मला नको होतं. पण सर चांगला माणूस. त्यांनी विशेष शिक्षिकांना, वर्गाच्या बाईंना आणि प्रणयच्या आईला एकत्र बसवलं. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच, असं सरच म्हणाले. एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखले: काय येतं, काय यायला हवं, कोण काय करणार आणि कसं कळेल. या शेवटच्या रकान्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. “वाचनात सुधारणा” असं बाईंनी लिहिलं, ताईंनी खोडलं. “दुकानाच्या पाट्यांवरचे पाच शब्द कुणी न सांगता वाचेल, दिवाळीपर्यंत,” असं त्यांनी लिहिलं. ते कुणालाही तपासता येईल, आईलाही. त्याला पुढच्या बाकावर आणायचं. घटक चाचणी तोंडी घ्यायची. बाईंनी रोज एक तरी प्रश्न त्याला विचारायचा, जो त्याला येईल. आणि एका पालक सदस्याने सुचवलं, की घंटीची ड्यूटी आळीपाळीने सगळ्यांना द्यावी, एकाच पोराला शिपाई करून ठेवणं बरोबर नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. समावेशनाच्या दृष्टीने अगदी योग्यच होतं ते.

प्रणय दुसऱ्या आठवड्यापासून शाळेत येईना.

आई सांगायला आली. घरी बसतो, बोलत नाही, कोणी टोल दिला की कान देऊन ऐकतो आणि म्हणतो, चुकला. नव्या घंटीवाल्यांच्या घंट्या खरोखरच दोन-दोन, चार-चार मिनिटं मागेपुढे होत होत्या, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. “त्याचं एवढं एक होतं जी, तेही घेतलं तुमीनं,” आई म्हणाली. आवाज चढवला नाही. मला त्या वाळ्याच्या ताट्यांवाल्या मुलीची पुन्हा आठवण आली आणि या वेळी उलटी: तिची बादली काढून घेतली असती आणि हातात अपूर्णांक दिले असते, तर ती सातवीपर्यंत तरी टिकली असती का? मला याचं उत्तर देता येत नाही. एखादं काम मुलाला शिकण्यापासून दूर ठेवतं आणि तेच त्याला शाळेत धरूनही ठेवतं, आणि तक्त्यात यासाठी कोणताच रकाना नाही. घंटी परत त्याच्याकडे गेली. मात्र ताईंनी एक केलं. दर आठवड्याला एक मुलगा त्याच्या हाताखाली द्यायचा, घंटी शिकायला. प्रणयने शिकवायचं. खांबावरच्या गोलांशेजारी आता आकडे लिहायचे होते, मग “दीड”, “सव्वा दोन”, “पावणेचार” हे शब्द, कारण शिकाऊ मुलांना नुसत्या रेघा कळत नव्हत्या. ते शब्द प्रणयने लिहिले. आधी पुठ्ठ्यावरून उतरवले, मग न पाहता. बाकीची पळापळ, खडू-डस्टर-हजेरीपट, वर्गाच्या बाईंनी सरळ बंद केली. कुणी मागायला आलं तर म्हणत, स्वतः या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढच्या बाकावर आल्यावर तो सगळ्यांना दिसू लागला. प्रश्न विचारला की थांबत-थांबत उत्तर देणारा प्रणय हा घंटीवाल्या प्रणयपेक्षा वेगळा होता, आणि पहिल्यांदाच काही मुलांनी त्याची नक्कल केली. बाई त्यांच्यावर ओरडल्या, मग ती व्हरांड्यात करू लागली. मागे होता तेव्हा सुरक्षित होता. शंकरनगर चौकात मूक-बधिर विद्यालयाची मुलं-मुली कधी-कधी दिसतात, शाळा सुटल्यावर. बोटं इतकी भराभर चालतात, हसणं इतकं मोठ्याने, की जाणारा-येणारा वळून पाहतो, आणि त्यांना त्याची फिकीर नसते. माझ्या एका वर्गात एकच कमी ऐकू येणारी मुलगी होती, सगळ्यांसोबत बसणारी. वर्षभरात ती अशी हसलेली मला आठवत नाही. सगळ्यांनी एकत्र शिकावं हे मला पटतंच. पण एकत्र बसलेल्यांत कोण किती एकटं आहे हेही कुणीतरी जाऊन पाहायला नको का? दिवाळीपर्यंत प्रणयने पाटीवरचे तीन शब्द वाचले. पाच नाही. “दवाखाना” त्याने चित्रावरून ओळखला असावा, असं ताई म्हणाल्या आणि तो धरला नाही. मला ताईंचा फार आदर वाटला.

पुन्हा मूल्यांकनाची वेळ आली. सर म्हणाले, “आता काय लिहू? खरं म्हणजे आता कुठे सुरुवात झाली. दोन लिहायला पाहिजे.” मी म्हटलं, मग दोन लिहा. ते हसले. स्तर खाली आला की वरून विचारणा होते: मागच्या वेळी तीन होतं, घसरण का झाली, खुलासा सादर करावा. ज्या शाळेने काहीच केलं नाही तिचा तीन तीनच राहतो. खुलाशात काय लिहायचं यावर आम्ही दोघं बराच वेळ बसलो. शेवटी सरांनी दोन लिहिला आणि खुलाशाला म्हणून ते चार रकान्यांचे कागद जोडले, प्रणयचा आणि नंतर केलेले आणखी काही मुलांचे, ज्यांतले दोघं रजिस्टरात नाहीत. विचारणा आली नाही. त्यावरून कागद कुणी वाचले, असं समजायला मी काही तयार नाही. तांदळाची पोती मात्र स्वच्छतागृहातून हलली. ते सरांनी कुणाला न विचारता केलं.

आता प्रणयची सातवी संपली. ही शाळा इथेच संपते आणि आठवीला त्याला दुसरीकडे जावं लागणार आहे, बहुतेक मोठ्या रस्त्यापलीकडच्या हायस्कुलात. शाळा सोडल्याचा दाखला तयार आहे. त्याच्यासोबत गुणपत्रक जातं, आधारची नोंद जाते, ऑनलाइन नाव इकडून तिकडे ढकललं जातं. ते चार रकाने जात नाहीत. दाखल्यासोबत असं काही देण्याची तरतूद नाही, असं सर म्हणाले, आणि मग मूळ कागद फाइलमध्ये ठेवून माझ्या हातात दिले, झेरॉक्स काढून आणा म्हणून. मी दोन प्रती काढल्या. एक आईकडे दिली. तिने ती प्रमाणपत्राच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्याच्या मागे ठेवली. दुसरी माझ्याकडे आहे. त्या हायस्कुलात आठवीच्या वर्गाला कोण बाई असणार हे अजून ठरलेलं नाही. ऑफिसातला बाबू म्हणाला, शाळा उघडू द्या, मग या, आणि पहिल्या आठवड्यात येऊ नका, तेव्हा पुस्तकवाटप असते.